जळगावच्या उन्हाळ्यात फोटोक्रोमिक रंग दोन मिनिटांत उडतो, गरमीत टिकणारा रेणू कसा डिझाईन करायचा?

केळीच्या_पानावर

नमस्कार मंडळी. एमएस्सी ऑरगॅनिक, शेवटचं वर्ष, कॉलेज जळगाव जिल्ह्यातलं (नाव नको). प्रोजेक्टचा विषय हौसेने मीच सुचवला आणि आता त्यातच अडकलोय.

आयडिया अशी की आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात बाया दिवसभर उन्हात निंदायला नाहीतर कापूस वेचायला असतात, माझी आई पण जाते, तर मनगटावर बांधायची एक पट्टी करायची जी सकाळी पांढरी असेल, संध्याकाळपर्यंत अंगावर किती यूव्ही पडलं ते रंग किती गडद झाला त्यावरून कळेल आणि रात्री परत पांढरी करून दुसऱ्या दिवशी वापरता येईल. म्हणून फोटोक्रोमिक, म्हणजे प्रकाशाने रंग बदलणारा आणि परत फिरणारा रेणू.

सगळ्यात सोपं म्हणून स्पायरोपायरान केलं. फिशर बेस आणि ५-नायट्रोसॅलिसिलाल्डिहाइड इथेनॉलमध्ये रिफ्लक्स, क्रिस्टल पण मस्त पडले. डिसेंबरात लॅबमध्ये २२ डिग्री होतं तेव्हा इथेनॉलच्या सोल्युशनवर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला की भारी जांभळट-गुलाबी रंग यायचा आणि तो निम्मा व्हायला अर्धा तास लागायचा. आता मे मध्ये लॅबमध्ये नुसता पंखा, थर्मामीटर ४३ दाखवतंय, आणि तोच रंग दोन मिनिटांत निम्मा. गच्चीवर नेलं तर विचारूच नका, टॉर्च बंद करेपर्यंत अर्धा गेलेला असतो.

गाइड सर म्हणतात ग्रुप बदलून बघ. कोणता ग्रुप लावला तर हा रंग ४५-५० डिग्रीला दिवसभर टिकेल? घरी बसून वाचायला वेळ भरपूर आहे, बाहेर तर निघवतच नाही.

वरणबट्टी_डॉट_तूप

भो, आधी तुझ्याच दोन आकड्यांवरून गणित कर, कोणाला विचारायची गरज नाही. २२ डिग्रीला ३० मिनिटं, ४३ ला २ मिनिटं, म्हणजे वेग १५ पट झाला. अऱ्हेनियसच्या सूत्रात (तापमानाने वेग किती वाढतो ते) टाकलं की ॲक्टिव्हेशन एनर्जी येते साधारण १०० किलोज्यूल, म्हणजे २४ किलोकॅलरी. नायट्रो स्पायरोपायरानला हे अगदी पटणारं आहे, तुझं मोजमाप चुकलेलं नाही, रेणू वागायला पाहिजे तसाच वागतोय.

आता उलटं काढ. ५० डिग्रीला १० तासांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त रंग जायला नको असेल तर परतीच्या वाटेवरचा फ्री एनर्जीचा अडथळा साडेसत्तावीस किलोकॅलरीच्या आसपास पाहिजे. तुझा आत्ता ४३ डिग्रीवर बसतो २२ च्या जवळ. (ॲक्टिव्हेशन एनर्जी आणि हा अडथळा एकच नव्हे, एन्ट्रॉपीचा भाग असतो, व्हायव्हाला इथे पकडतात, लक्षात ठेव.) फरक साडेपाच-सहाचा दिसतो आणि माणसाला वाटतं एखादा ग्रुप लावू होऊन जाईल. पण या तापमानाला दर दीड किलोकॅलरीला जवळपास १० पट फरक पडतो, म्हणजे तुला दहा हजार पट हळू करायचंय.

ग्रुप लावून काहीच होत नाही असं नाही. तुझा ६ नंबरवरचा नायट्रो तेच काम करतोय, मेरोसायनीनवरचा (स्पायरोपायरानचं उघडलेलं रंगीत रूप) ऑक्सिजनचा निगेटिव्ह चार्ज ओढून धरतो. ८ वर अजून एक नायट्रो लावला तर अजून टिकेल. ८ वर मेथॉक्सी लावून झिंक आयन दिला तर तो दोन्ही ऑक्सिजनना पकडून बसतो आणि रंग बराच वेळ राहतो. पोलर सॉल्व्हंटमध्ये जास्त टिकतो, टोल्यूइनमध्ये करून बघ, इथेनॉलपेक्षा किती लवकर जातो ते. पण हे सगळं म्हणजे उतारावरच्या गाडीच्या चाकाला दगड लावणं. स्पायरोपायरान, नॅफ्थोपायरान, साधं अझोबेंझीन ही सगळी टी-टाइप मंडळी आहेत, टी म्हणजे थर्मल, अंधारात ठेवली तरी उष्णतेने आपोआप परत फिरणारी. तुला पाहिजे पी-टाइप, जो फक्त प्रकाशानेच परत फिरतो. तिथे दोनच मोठी घराणी, फल्जाइड आणि डायअरिलएथीन.

अझोबेंझीनमध्ये पण मध्यंतरी मोठी उडी मारली लोकांनी, एन-एन बाँडच्या शेजारच्या चारही ऑर्थो जागांवर फ्लोरीन टाकला तर सिस (प्रकाशाने वाकलेल्या) रूपाचं अर्धायुष्य खोलीच्या तापमानाला २ वर्षांच्या आसपास जातं. पण रंगबदल फिका, पिवळ्याचा नारिंगी. तुझ्या आईला संध्याकाळी चष्मा लावून शोधावा लागेल.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट

मी केमिस्ट नाही, प्लास्टिकवाला आहे, चटईच्या कारखान्यात १४ वर्षं झाली. एकच सांगतो, "गरमीत टिकतो" म्हणजे काय ते आधी ठरवा कारण आमच्यासारखा माणूस वेगळंच समजतो. आम्ही एकदा उन्हात रंग बदलणारी पावडर पीपीत (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) टाकून बघितली होती, देणाऱ्याने सांगितलेलं हीट स्टेबल आहे. एक्स्ट्रूडरमध्ये २०० च्या वर जातं तापमान, आणि बाहेर निघाली ती पट्टी चहासारखी तपकिरी, उन्हात धरली तर थोडी जांभळी झाली आणि परत चहा. तो म्हणे आमच्या टेस्टमध्ये टिकतो. त्याची टेस्ट ६० डिग्रीच्या ओव्हनची होती!! म्हणजे रंग परत न जाणं वेगळं आणि रेणूच जळून न जाणं वेगळं, हे आम्हाला चार बॅगा वाया घालवून कळलं.

आणि अजून एक घोळ आम्हीच केला, प्लास्टिक उन्हात फाटू नये म्हणून नेहमीच्या सवयीने यूव्ही ॲब्सॉर्बर टाकला. सगळं यूव्ही त्यानेच खाल्लं, रंग कुठून येणार. नंतर हाल्स (यूव्ही न खाता प्लास्टिक वाचवणारा स्टॅबिलायझर) टाकला तेव्हा जरा बरं झालं. तुम्ही पट्टी करणार तर प्लास्टिक वितळवून घालू नका, सॉल्व्हंटमध्ये विरघळवून फिल्म ओता, रेणूला २०० डिग्री दाखवायचीच कशाला.

सातपुड्याची_पोर

वरणबट्टीदादांनी बरोबर सांगितलंय, मी पुढचं सांगते कारण माझी पाच वर्षं याच डायअरिलएथीनमध्ये गेलीत (आता पुण्यात आहे पण माहेर चोपडा).

मुळात हे स्टिलबीनचं (मधल्या दुहेरी बाँडच्या दोन बाजूंना दोन बेंझीन रिंगा) नातेवाईक. स्टिलबीनवर यूव्ही पडलं की दोन बेंझीन रिंगांची टोकं जुळून मधे तिसरी रिंग तयार होते, सहा पाय इलेक्ट्रॉनची इलेक्ट्रोसायक्लिक रिॲक्शन, बीएस्सीला वुडवर्ड-हॉफमन घोकलं असेल तेच. पण जोडावरचे हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनने निघून जातात आणि फेनॅन्थ्रीन होऊन बसतं, परतीचा रस्ताच बंद. म्हणून त्या जागी मिथाइल लावतात. मग ऑक्सिडेशन थांबतं, पण बंद रूप अंधारात मिनिट-दोन मिनिटांत उघडतं, तुझ्या स्पायरोपायरानसारखंच.

का उघडतं, इथे सगळा खेळ आहे. रिंग बंद होताना दोन्ही बाजूच्या रिंगांना आपली ॲरोमॅटिसिटी (रिंगभर पसरलेल्या इलेक्ट्रॉनमुळे मिळणारं स्थैर्य) सोडावी लागते. आपल्याकडचं उदाहरण देते. गावी २० एकर बागायत सोडून पुण्याला गेलेला पोरगा पहिला पगार बघून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत येतो, आणि २ एकर कोरडवाहू सोडून गेलेला तिथेच राहतो, लग्नाला तेवढा येतो. बेंझीन म्हणजे बागायत. थायोफीन म्हणजे कोरडवाहू, त्याने सोडलेलंच थोडं असतं म्हणून परत यायची ओढ नाही. जपानच्या मासाहिरो इरी यांच्या गटाने १९८८ मध्ये हेच गणित मांडलं, एका रिंगेची ॲरोमॅटिसिटी मोडायला फेनिलला साधारण २७-२८ किलोकॅलरी लागतात, पायरोलला १४ च्या आसपास, फ्युरानला ९, थायेनिलला (म्हणजे थायोफीनच्या रिंगेला) ५ पेक्षा कमी. आणि प्रयोगात पण तसंच निघालं, फ्युरान आणि थायोफीनवाले बंद रूपात ८० डिग्रीला ३ महिने ठेवले तरी रंग तसाच, पायरोल-इंडोलवाले मात्र लवकर फिके पडतात. आपला मे महिना त्या ८० पुढे काहीच नाही.

डिझाईन करताना अजून काय काय बघायचं ते एका दमात सांगते. मधला पूल परफ्लुओरोसायक्लोपेंटीनचा (फ्लोरीन लावलेली पाचाची रिंग) ठेवतात, पाचाची रिंग असली की सिस-ट्रान्सची भानगड उरत नाही. थायोफीनच्या २ वर मिथाइल हवंच, ४ वर पण मिथाइल ठेव कारण ती जागा रिकामी असली की वारंवार यूव्ही मारल्यावर एक फालतू बायप्रॉडक्ट होतं जे परत उघडतच नाही आणि पट्टी हळूहळू मरते. बेंझोथायोफीन घेतलं तर १० हजारांच्या वर फेऱ्या मारता येतात. जोडाच्या जागी मिथाइलऐवजी फार जाडजूड ग्रुप लावू नकोस, तिथे गर्दी झाली की तो बाँड ताणला जातो आणि उष्णतेने उघडायला लागतं. ५ वर खूप जोरात इलेक्ट्रॉन ओढणारे ग्रुप लावले तर तसंच. म्हणजे स्पायरोपायरानमध्ये जो नायट्रो तुझा मित्र होता तसलेच ग्रुप इथे अति केले तर शत्रू. आणि सोल्युशनमध्ये अर्धे रेणू चुकीच्या बाजूने वळलेले असतात, दोन्ही मिथाइल एकाच बाजूला, ते बंद होऊच शकत नाहीत, म्हणून साधारणपणे क्वांटम यील्ड (शोषलेल्या दर फोटॉनमागे किती रेणू बदलतात) ०.५ च्या वर जात नाही, कमी आलं तर स्वतःला दोष देऊ नकोस.

केळीच्या_पानावर

ताई, दादा, दोघांना दंडवत. बागायतवालं उदाहरण सेमिनारला जसंच्या तसं वापरणार आहे. मग ठरलं, डायअरिलएथीनच करतो. परफ्लुओरोसायक्लोपेंटीनवाला पूल कसा करायचा तेवढं सांगा, आमच्याकडे मायनस ७८ होत नाही, ड्राय आइस नाही, बर्फ आणि मीठ आहे 😅

वरणबट्टी_डॉट_तूप

थांब थांब. त्या पुलासाठी लागणाऱ्या ऑक्टाफ्लुओरोसायक्लोपेंटीनचा बॉयलिंग पॉइंट २७ डिग्रीच्या आसपास आहे. तुझ्या ४३ डिग्रीच्या लॅबमध्ये बाटली उघडली की पैसे उकळून वर गेले, आणि ते पैसे थोडे नसतात.

बेन फेरिंगा यांच्या गटाचा रस्ता धर (२०१६ चं नोबेल मिळालं ते). २-क्लोरो-५-मिथाइलथायोफीन आणि ग्लुटारिल क्लोराइड, ॲल्युमिनियम क्लोराइडबरोबर फ्रीडेल-क्राफ्ट्स, त्याला बर्फ-मीठ चालतं. डायकिटोन मिळतो. मग टायटॅनियम क्लोराइड आणि झिंक घेऊन मॅकमरी, दोन्ही कार्बोनिल आपसात जुळून पाचाची रिंग तयार. फ्लोरीन नाही, त्यामुळे फेऱ्या थोड्या कमी मारेल, पण गरमीत रंग टिकतो, तुझं काम होईल. टीएचएफ (त्यासाठीचा सॉल्व्हंट) मात्र खरोखर कोरडं पाहिजे, सोडियम-बेंझोफिनोनवर निळं होईपर्यंत, आणि ते एकट्याने करू नको, सर उभे असताना कर. टायटॅनियम टेट्राक्लोराइड पावसाळ्यात उघडलं तर धुराने लॅब भरते, सध्याची कोरडी हवा त्याला बरी. उन्हाळ्याचा तेवढाच फायदा.

सातपुड्याची_पोर

सिंथेसिसला लागायच्या आधी एक गोष्ट, मघाशी घाईत राहिली, आणि खरं तर तीच तुझ्या प्रोजेक्टच्या मुळावर येणार आहे. पी-टाइप म्हणजे प्रकाशाने परत फिरणारा. कोणत्या प्रकाशाने? दिसणाऱ्या. आणि शेतात उन्हात काय असतं? यूव्ही थोडं आणि दिसणारा प्रकाश ढीगभर. तुझी पट्टी एकीकडे यूव्हीने रंगेल आणि त्याच वेळी साध्या उजेडाने पुसली जाईल, काही मिनिटांत दोन्ही वेग बरोबरीत येतील आणि तिथेच रंग अडकेल. सकाळी १० ला जो रंग तोच दुपारी ३ ला. तो दिवसभराचा हिशोब नाही झाला, तो त्या क्षणाच्या उन्हात यूव्ही आणि उजेडाचं प्रमाण काय एवढंच सांगतो. आम्ही सगळे उष्णतेच्या मागे लागलो आणि पुसणारा तर डोक्यावर तळपतोय.

यावर एक उपाय रेणूतच आहे. फेनिलथायेनिलचा जो नेहमीचा डायअरिलएथीन आहे त्याचं बंद व्हायचं क्वांटम यील्ड ०.४६ आणि उघडायचं ०.०१५ च्या आसपास. जोडाच्या जागी मिथाइलऐवजी मेथॉक्सी लावलं की उघडायचं यील्ड शंभर पटीपेक्षा जास्त घसरतं, २००१ च्या सुमाराला इरी यांच्याच गटाने दाखवलं होतं. मग उजेडात पुसला जात नाही म्हटलं तरी चालेल. पण मग रात्री तू तो पुसणार कसा? रोज वापरायची पट्टी म्हणालास ना. एकाच रेणूकडून उन्हात न पुसणं आणि एलईडीखाली पुसणं दोन्ही मागता येत नाही.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट

मग पट्टीवर झाकण ठेवा ना. यूव्ही आत जाऊ देईल आणि उजेड अडवेल असं. ब्लॅकलाइटच्या ट्यूबला जी काळी काच असते ती तेच करते की. दिवसा झाकण लावून, रात्री झाकण काढून बल्बखाली. रेणू जो आहे तोच राहू द्या.

सातपुड्याची_पोर

नाईटशिफ्ट भाऊ, एवढा सरळ विचार मी केलाच नव्हता, रेणूतच सगळं कोंबायची सवय लागलीये आम्हाला. वुड्स ग्लास म्हणतात त्याला. हो, चालेल. अडचणी दोन. एक म्हणजे ती काच ३६५ च्या आसपासचं सोडते, पण कातडी भाजणारं ३०० च्या जवळचं बरंचसं अडवते, म्हणजे पट्टी यूव्हीए मोजेल, आणि यूव्हीबीचा अंदाज त्यावरून लावावा लागेल. दुसरं, काळी काच उन्हात तापणार, खालची पट्टी ६० च्या वर जायला वेळ लागणार नाही. पण तेवढ्यासाठीच तर थायोफीन घेतलं आपण! इथे मात्र गरमीत टिकणारा रेणूच लागेल, स्पायरोपायरान तिथे मिनिटभर पण उभं राहणार नाही.

फक्त रेणू ३६५ ला यूव्ही घेतो का ते आधी बघ. नुसत्या क्लोरोथायोफीनवाल्याचं शोषण त्याच्या बरंच खाली असतं, ५ च्या क्लोरीनजागी फेनिल किंवा त्याहून लांब काही जोडलं की ते वर सरकतं. तुझ्या रस्त्यात क्लोरीन आहेच, सुझुकी कपलिंगने फेनिल लावता येईल.

वाचताना पण सावलीत पटकन वाचायचं, रंग बघायला उजेड लागतो आणि तोच उजेड रंग खातो. डायअरिलएथीनची ऑप्टिकल मेमरी करायला निघालेले लोक याच दगडाला ठेचकाळले होते.

धुळे_ऑप्टिकल्स

तुमचं अर्धं डोक्यावरून गेलं पण एक गोष्ट आज कळली. दरवर्षी मे महिन्यात गिऱ्हाईक येऊन भांडतं की उन्हात काळा होणारा चष्मा काळाच होत नाही, थंडीत तर नीट व्हायचा. मी म्हणायचो काच जुनी झाली. म्हणजे ती तुमची टी-टाइप मंडळी, गरमीने रंग परत जातोय, यूव्ही कितीही असलं तरी?

वरणबट्टी_डॉट_तूप

@धुळे_ऑप्टिकल्स अगदी तेच. प्लास्टिकच्या लेन्समध्ये बहुतेक नॅफ्थोपायरान असतात. थंडीत परतीचा वेग कमी म्हणून जास्त गडद होतात आणि घरात आल्यावर साफ व्हायला वेळ घेतात, उन्हाळ्यात उलट. चष्म्याला टी-टाइपच पाहिजे, पी-टाइप लावला तर यूव्हीत गडद झालेला चष्मा घालून अंधाऱ्या माजघरात शिरलेला माणूस चाचपडत बसेल, साफ व्हायला तिथे उजेडच नाही. आणि गिऱ्हाईकाने गाडीत काळा होत नाही म्हणून भांडण काढलं तर सांगा, समोरची काच यूव्ही अडवते.

@केळीच्या_पानावर तुझ्या रिपोर्टच्या प्रस्तावनेत ॲबरक्रोम ५४० टाक. वेल्समधल्या ॲबेरिस्टविथ विद्यापीठात हॅरी हेलर यांनी केलेला फ्युरानवाला फल्जाइड, रंगीत रूप उष्णतेला दाद देत नाही. गावाच्या नावावरूनच रेणूचं नाव. आणि तो कशाला वापरला लोकांनी, तर ॲक्टिनोमीटर म्हणून, म्हणजे यूव्हीचे फोटॉन मोजायला. तुझी पट्टी तीच कल्पना, फक्त क्युव्हेट सोडून मनगटावर आलेली. बाहेरचे परीक्षक नक्की विचारतील की यूव्ही मोजायला पॉलिसल्फोनची फिल्म आधीपासून आहे मग हे कशाला, तर उत्तर तयार ठेव: ती फिल्म वाचायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो आणि एकदाच वापरता येते.

केळीच्या_पानावर

सगळ्यांचे आभार. सरांना दाखवलं सगळं, ते आधी हसले मग म्हणाले की स्पायरोपायरानचं काम फेकू नको, २२ आणि ४३ च्या मधे अजून चार तापमानं घेऊन नीट ग्राफ काढ, तोच पहिला चॅप्टर. म्हणजे २५ आणि ३० साठी आता वॉटरबाथमध्ये बर्फ टाकत बसायचं, आणि ४३ साठी नुसती खिडकी उघडायची.

ग्लुटारिल क्लोराइड आणि थायोफीनची ऑर्डर टाकलीये. टीएचएफ जूनमध्ये, सर गावाहून आले की. नाईटशिफ्ट भाऊ, ती काळी ट्यूब फुटलेली असली तरी चालेल, कुठे मिळेल सांगा, भुसावळला एक-दोन दुकानात विचारलं तर त्यांना वाटलं मी डीजे लावतो.

एमआयडीसी_नाईटशिफ्ट

आमच्याकडे नोटा तपासायचं जुनं मशीन पडलंय, त्यात आहे छोटी. बंद आहे पण काच शाबूत. रविवारी ये गेटवर, रात्रीची शिफ्ट आहे माझी. फोडताना मात्र डोळ्यावर चष्मा घाल आणि मोकळ्यावर फोड, आत पारा असतो.